नाणं टांकसाळीत चुकलं की नंतर बिघडलं?

'छपाईत चुकलेलं दुर्मीळ नाणं' म्हणून जे फोटो फिरतात, ते मोठे करून बघा. बहुतेक वेळा नाणं घासलेलं, ठोकलेलं नाहीतर चक्क कानशीने कापलेलं निघतं. खरी चूक कोरी चकती तयार होताना किंवा तिच्यावर ठसा पडताना होते. नाणं टांकसाळीबाहेर पडल्यावर जे होतं ते नुसतं नुकसान.

म्हणून पहिला प्रश्न: खूण वर आलेली आहे की आत गेलेली? ठशाला, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या साच्याला, तडा गेला की दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. ती नखाला लागते. ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या कडेला धातू किंचित सरकलेला दिसतो. झिजेने तर धातू कमीच होतो, त्यामुळे सिंहांचे उंच भाग आधी सपाट होतात. ठशात ग्रीस-कचरा साचला असेल तर एखादंच अक्षर गायब असतं आणि शेजारची अक्षरं कोरी करकरीत!

सगळ्यात जास्त फसवाफसवी ब्रॉकेजमध्ये चालते. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचीच छाप पडते. मग एका बाजूला नेहमीसारखे उठावाचे सिंह, आणि जिथे रुपयाचा आकडा हवा तिथे तेच सिंह उलटे, आत दबलेले. आकड्याचा मागमूसही नसतो. घरगुती कारागीर दोन नाणी शिकंजात दाबून हेच करायला जातात. उलटी छाप मिळते खरी, पण तिच्याखाली मूळ आकडा भुतासारखा डोकावतो आणि मागची बाजू बहुधा चपटी होते. भिंगाखाली हे लपत नाही.

कड तुटलेल्या नाण्यात समोरची कड बघायची. पत्र्यातून चकती कापतानाच तुकडा गेला असेल तर बरोबर विरुद्ध बाजूची कड बहुधा पुसट उठते. कानशीवाल्याला हे जमत नाही.

'पातळ' नाण्यासाठी सोनाराचा काटा बरा. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅमचा. तो हलका भरला आणि अक्षरंही बारीक, खडबडीत दिसली तर ॲसिडचा संशय घ्या. चकतीच पातळ असेल तर वजन कमी भरतं, पण पृष्ठभाग स्वच्छ राहतो.

आणि वर्षाखाली टांकसाळीची खूणच नाही म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच.