ब्लूटूथचं व्हर्जन वेगळं, कोडेक वेगळा

वायरलेस हेडफोन घेताना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ब्लूटूथ कितीचं आहे?" ५.० असं उत्तर आलं की चेहरा पडतो, ५.३ आलं की खुलतो आणि ५.४ असेल तर विषयच संपला. आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला, हा हिशेब बहुतेकांच्या डोक्यात पक्का बसलाय. त्याच खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत एसबीसी, एएसी, एलडॅक अशी कोडेकची, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याच्या रीतींची, नावं छापलेली असतात, पण ती कुणी वाचत नाही. आवाजाशी संबंध आहे तो त्या बारीक अक्षरांचा. पुढच्या बाजूला ठळक छापलेल्या आकड्याचा जवळजवळ नाही.

हे नीट कळायला आधी वायर आठवावी लागते. ३.५ मिलिमीटरचा जॅक होता तेव्हा गाण्याच्या फाइलमधले आकडे विजेच्या लहरीत बदलण्याचं काम फोनच्या पोटातच व्हायचं. वायरीतून जायची ती तयार लहर. दुसऱ्या टोकाला कुठल्या कंपनीचा हेडफोन आहे, नवा आहे की दहा वर्षं जुना, याच्याशी फोनला काही देणंघेणं नव्हतं. खुपसला की वाजला. फार तर एखाद्या अवजड स्टुडिओ हेडफोनला फोनचा जोर पुरायचा नाही, एवढंच.

ॲपलने सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हा जॅक काढला. पहिला मान त्यांचा नव्हे. ओप्पोच्या फाइंडरमध्ये २०१२ सालीच जॅक नव्हता आणि मोटो झेडनेही त्याला ॲपलच्या काही महिने आधी निरोप दिला होता. पण ॲपलने काढला म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ मधून तो गेला, २०१९ मध्ये सॅमसंगच्या नोट १० मधून. जॅक गेला म्हणजे नुसतं एक भोक बुजलं असं नाही. आकड्यांची लहर करणारा भाग, ती लहर मोठी करणारा ॲम्प्लिफायर आणि दोघांना पोसणारी बॅटरी, असं अख्खं बिऱ्हाड कानाशी हललं. आता फोनकडून हेडफोनकडे आकडेच जातात. मग दोन प्रश्न आले: हे आकडे कुठल्या वाटेनं जायचे, आणि कुठल्या रूपात. पहिला प्रश्न ब्लूटूथच्या व्हर्जनचा, दुसरा कोडेकचा. वायरीच्या काळात गिऱ्हाइकाला यातलं काहीच ठाऊक असायची गरज नव्हती.

आधी व्हर्जन. ब्लूटूथ एसआयजी नावाची संस्था ब्लूटूथचे नियम ठरवते आणि वेळोवेळी त्यांची नवी आवृत्ती काढते. ती ही संख्या. इथं एक गोष्ट खोक्यावर कधीच लिहिलेली नसते: ब्लूटूथ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पद्धती नांदतात. एक जुनी, 'क्लासिक'. दुसरी २०१० मध्ये ४.० सोबत आलेली 'लो एनर्जी', म्हणजे मनगटावरचे पट्टे, तापमापक, सेन्सर अशा थेंबथेंब माहिती पाठवणाऱ्या आणि बॅटरी जपून वापरणाऱ्या उपकरणांसाठीची. गाणी इतकी वर्षं गेली ती क्लासिकवरून, आणि बहुतेक हेडफोनांत आजही तिथूनच जातात.

डिसेंबर २०१६ मध्ये ५.० आलं तेव्हा घोषणा होती दुप्पट वेग, चौपट पल्ला आणि आठपट प्रसारणक्षमता अशी. तिन्ही सुधारणा लो एनर्जीच्या वाट्याच्या. त्यातही दुप्पट वेग आणि चौपट पल्ला एकाच वेळी मिळत नाहीत, पल्ला वाढवायचा तर वेग कमी करावा लागतो. क्लासिकला यातलं काहीच मिळालं नाही. क्लासिकचा कमाल वेग २००४ मध्ये २.० व्हर्जनसोबत जो ठरला, सेकंदाला ३ मेगाबिट, तोच ५.० मध्ये राहिला. म्हणजे ४.२ वरून ५.० वर गेलेल्या हेडफोनच्या गाण्यांची वाट एका बोटानंही रुंद झाली नाही.

तरीही ५ हा आकडा आवाजाला चिकटला, कारण मुहूर्तच तसा होता. ॲपलचे एअरपॉड्स विक्रीला आले तेही डिसेंबर २०१६ मध्येच. लोक नाइलाजानं वायरलेसकडे वळत होते आणि नेमका तेव्हाच हा नवा, गोल, मोठा आकडा बाजारात आला. पुढच्या वर्षी ब्लूटूथ ५ घेऊन आलेल्या गॅलेक्सी एस८ मध्ये एकाच वेळी दोन हेडफोनांवर गाणं ऐकण्याची सोय होती. ती सॅमसंगने स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली करामत होती, पण श्रेय गेलं ब्लूटूथ ५ ला. तेव्हापासून हेडफोनमधली प्रत्येक चांगली गोष्ट व्हर्जनच्या खात्यावर जमा होते.

पुढच्या आकड्यांत काय होतं तेही बघा. ५.१ मध्ये सिग्नल कुठल्या दिशेनं येतोय ते ओळखण्याची सोय. ५.३ मध्ये लो एनर्जीच्या जोडणीत वीज वाचवण्याच्या काही युक्त्या. ५.४ मधली मुख्य भर माझी आवडती आहे: दुकानांच्या फळ्यांवर लावतात त्या इलेक्ट्रॉनिक किमतीच्या पाट्या हजारोंच्या संख्येनं एका केंद्राशी जोडता याव्यात, ही! ती सोय इअरबड्सच्या खोक्यावर मिरवली जाते आणि आपण खूश होतो. २०२४ मध्ये आलेल्या ६.० चं वैशिष्ट्य दोन उपकरणांमधलं अंतर नेमकं मोजणं हे आहे. हरवलेली वस्तू शोधायला किंवा कुलूप उघडायला फार कामाचं, पण गाण्याला त्याचा काय उपयोग? मधल्या ५.२ चा मात्र आवाजाशी खरंच संबंध आहे. त्याकडे शेवटी येतो.

"पण माझा नवा ५.३ चा हेडफोन जुन्यापेक्षा खरंच चांगला चालतो," असं कुणी म्हणेल, आणि ते खोटं नसतं. नवं व्हर्जन सहसा नव्या चिपसोबत येतं. नवी चिप कमी वीज खाते, तिचा रेडिओ जास्त संवेदनशील असतो, अँटेना अधिक विचारपूर्वक बसवलेली असते. म्हणून बॅटरी टिकते, खिशातल्या फोनशी जोडणी तुटत नाही. श्रेय चिपचं आणि ती बसवणाऱ्या इंजिनिअरचं. ५.३ चा शिक्का मारलेला, पण दोन खोल्या ओलांडताच धापा टाकणारा हेडफोनही मिळतोच.

आता कोडेक. इथं थोडं गणित करू. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. कागदावर हे क्लासिकच्या ३ मेगाबिटांत आरामात मावतात. प्रत्यक्षात त्या वेगातला बराच भाग पाकिटांच्या (आकडे ज्या तुकड्यांत जातात त्यांच्या) वेष्टनात, पोचपावत्यांत आणि हरवलेली पाकिटं पुन्हा पाठवण्यात जातो. शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात वाय-फाय असतं, मायक्रोवेव्ह ओव्हन असतो, शेजाऱ्याचेही इअरबड्स असतात. म्हणून फोन गाणं दाबून लहान करतो आणि हेडफोन ते पुन्हा उलगडतो. दाबण्या-उलगडण्याची ही ठरलेली रीत म्हणजे कोडेक. दाबताना जे टाकून दिलं ते परत येत नाही, त्यामुळे काय टाकायचं हे ज्याला चांगलं कळतं तो कोडेक चांगला.

एसबीसी हा सगळ्यांना सक्तीचा. २००३ साली ब्लूटूथवरून स्टिरिओ ऐकण्याचे नियम ठरले तेव्हाच तो ठरला. कुठलाही फोन आणि कुठलाही हेडफोन एकमेकांशी जुळतात ते त्याच्याच भरवशावर. त्याचा नेहमीचा वरचा दर सेकंदाला ३२८ किलोबिट. त्याची जेवढी बदनामी झाली तेवढा तो वाईट नाही. पूर्ण दरानं चालला तर चांगला वाजतो, दर खाली आणला की मात्र झांजांचा आवाज फाटतो. एएसी हा ॲपलचा लाडका, त्यांच्याकडे साधारण २५६ किलोबिटांचा. आयफोनवर ब्लूटूथनं गाणी ऐकताना एसबीसी आणि एएसी हे दोनच पर्याय असतात. एलडॅकचा शिक्का असलेला महागडा हेडफोन आयफोनला जोडलात, तर एलडॅकसाठी मोजलेले पैसे गेले पाण्यात. एएसीची आणखी एक मेख म्हणजे उलगडायचं कसं ते मानकात पक्कं आहे, पण दाबायचं कसं ते ज्याच्या त्याच्यावर सोडलंय. म्हणून एकच हेडफोन एका फोनवर एएसीत छान वाजतो आणि दुसऱ्यावर एएसीतच जरा मिळमिळीत.

ॲप्ट-एक्स या कोडेकचं मूळ १९८० च्या दशकातल्या बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधनात आहे. आता तो क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचा आहे. साध्या ॲप्ट-एक्सचा दर ३५२ किलोबिट, ॲप्ट-एक्स एचडीचा ५७६. सोनीचा एलडॅक २०१५ मध्ये आला आणि २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ पासून त्याची दाबणारी बाजू अँड्रॉइडमध्येच मिळायला लागली. त्याचे ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट असे तीन दर आहेत. खोक्यावर ९९० मिरवतो, पण गजबजलेल्या जागी, फोन मागच्या खिशात असताना, मध्ये शरीर आडवं येतं (शरीरात पाणी, आणि पाणी २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल शोषतं) आणि आवाज तुटायला लागतो. दर आपोआप ठरवायचा पर्याय चालू असेल तर एलडॅक मुकाट्यानं ३३० पर्यंत उतरतो, म्हणजे एसबीसीच्या पंगतीत. माझं मत विचाराल तर चालता-फिरता ऐकणाऱ्याला ९९० चा सोस परवडत नाही. ६६० वर कुलूप लावलेलं बरं. आणि इअरटिप कानात नीट बसत नसेल तर कुठलाच कोडेक वाचवत नाही, कारण खर्ज आधी त्या फटीतून निसटतो.

मुख्य गोष्ट अशी की कोडेक दोन्ही टोकांना असावा लागतो. जोडणीच्या वेळी हेडफोन आपल्याला काय काय येतं ते सांगतो, फोन त्यातलं स्वतःला जमणारं एक निवडतो आणि काहीच जुळलं नाही तर एसबीसी. ही बोलणी आपल्या नकळत होतात, पण निकाल बघता येतो. अँड्रॉइडमध्ये 'फोनबद्दल' या भागात जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. काही फोनांत तो बिल्ड नंबर थोडा आत दडलेला असतो. हेडफोन जोडलेला ठेवून तिथं 'ब्लूटूथ ऑडिओ कोडेक'वर जा, सध्या काय चालू आहे ते दिसतं. एलडॅकवाला हेडफोन असून एसबीसी दिसला तर घाबरू नका. त्या हेडफोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये 'एचडी ऑडिओ'चं बटण असतं, ते बंद असलं की फोन एसबीसीवरच राहतो. काही हेडफोनांत एकाच वेळी दोन उपकरणांना जोडण्याची सोय चालू केली की एलडॅक आपोआप बंद होतो, तेही एकदा तपासा.

याहून जास्त लोकांना छळणारी तक्रार वेगळीच असते. लॅपटॉपवर गाणं मस्त चालू असतं, ऑनलाइन मीटिंग सुरू होते आणि क्षणात सगळा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन बिघडला म्हणून लोक तो बदलूनही आणतात आणि नवाही तसाच वागतो! होतं असं की गाण्यांचा स्टिरिओ मार्ग एकतर्फी आहे. हेडफोनचा माइक चालू झाला की संगणक तो मार्ग सोडून कॉलच्या मार्गावर जातो, आणि तिथले कोडेक निराळे. जुना सीव्हीएसडी सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतो. २०११ पासून आलेला एमएसबीसी १६,०००. दोन्ही एकाच चॅनलचे, दोन्ही ६४ किलोबिटांचे. तुमचा एलडॅक इथं उपयोगाचा नाही आणि ५.४ चा आकडाही नाही. उपाय सोपा आहे: मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडायचा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवायचा. आवाज तिथल्या तिथं सुधारतो.

आता राहिलं ५.२. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या या व्हर्जननं लो एनर्जीवरून वेळेच्या शिस्तीत आवाज पाठवायची सोय केली. त्यावर उभी राहिली ती एलई (लो एनर्जी) ऑडिओ नावाची नवी व्यवस्था, जिचा सगळा नियमसंच २०२२ मध्ये पूर्ण झाला. तिचा सक्तीचा कोडेक एलसी३. ब्लूटूथ एसआयजीच्या म्हणण्याप्रमाणे तो एसबीसीच्या निम्म्या दरात त्याच्याहून चांगला वाजतो. कॉल आणि गाणी यांच्यासाठी दोन वेगळे मार्ग लागत नाहीत, त्यामुळे माइक चालू असतानाही आवाज डब्यात जायचं कारण उरत नाही. एकाच ठिकाणाहून कितीही हेडफोनांना आवाज पाठवायची ऑराकास्ट ही सोयही यातलीच. व्हर्जन आणि कोडेक यांची गाठ खऱ्या अर्थानं पहिल्यांदा पडली ती इथं.

पण ही गाठ सुटी राहू शकते. ५.२ किंवा त्यापुढच्या व्हर्जनचा शिक्का मिळवायला एलई ऑडिओ असणं बंधनकारक नाही, तो भाग ऐच्छिक आहे. त्यामुळे ५.३ चे, ५.४ चे असे कितीतरी इअरबड्स आहेत ज्यांना एलसी३ येतच नाही. विकत घेताना खोक्यावर 'एलई ऑडिओ' हे शब्द किंवा एलसी३ हे नाव शोधा आणि फोनच्या माहितीपत्रकातही तेच शोधा. जोडल्यावर हेडफोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये 'एलई ऑडिओ'चं बटण येतं का ते बघा, काही फोनांत ते मुद्दाम चालू करावं लागतं. ते कुठेच सापडलं नाही, तर खोक्यावर आकडा काहीही असो, गाणी अजून २००३ मध्ये आखलेल्या वाटेनंच येतायत.