आइसवाले कॅम्पसवर आले तर काय, आणि हे नियम मुळात आले कुठून

अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी हल्ली स्टाफला सांगून ठेवलंय की आइसचा, म्हणजे इमिग्रेशनचे कायदे राबवणाऱ्या सरकारी खात्याचा, माणूस चौकशीला आला तर नाव आणि बॅज नंबर लिहून घ्या, कागद असेल तर कॉपी मागा, लीगल ऑफिसला फोन लावा, आपण होऊन माहिती देऊ नका पण अडवायलाही जाऊ नका. इकडे पालकांना वाटतं कॉलेज नक्की कोणाच्या बाजूने आहे, पोरांच्या की सरकारच्या? खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंनी, आणि ते आजचं नाही.

१९७४ ला फर्पा कायदा आला, विद्यार्थ्याचं रेकॉर्ड त्याच्या संमतीशिवाय सहसा बाहेर द्यायचं नाही. पाचच वर्षांत तेहरानच्या वकिलातीत अमेरिकन ओलीस धरले गेले आणि कार्टर सरकारने अमेरिकेत शिकणाऱ्या झाडून सगळ्या इराणी पोरांना इमिग्रेशनपुढे हजर व्हायला लावलं, अपील कोर्टानेही ते मान्य केलं. मग १९९३ चा वर्ल्ड ट्रेड सेंटरचा स्फोट, त्यातला एक जण स्टुडंट व्हिसावर आलेला, म्हणून १९९६ च्या कायद्यात परदेशी विद्यार्थ्यांवर कॉम्प्युटरने नजर ठेवायची तरतूद झाली. कॉलेजांनी कुरकुर केली, काम रेंगाळलं. ९/११ नंतर सहा महिन्यांनी, तेही मेलेल्या हल्लेखोरांच्या नावाने, फ्लोरिडातल्या फ्लाइंग स्कूलला स्टुडंट व्हिसा मंजुरीची पत्रं पोचली आणि एवढी नाचक्की झाल्यावर कोण थांबतंय, २००३ ला सेविस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांवर नजर ठेवणारी ती कॉम्प्युटर यंत्रणा, सगळ्या कॉलेजांना सक्तीची झाली.

तेव्हापासून कॉलेजचा डीएसओ, म्हणजे ज्याच्याकडे पोरं आय-२० साठी (स्टुडंट व्हिसाला लागणारा कॉलेजचा फॉर्म) खेटे घालतात तोच अधिकारी, पत्ता बदलला, कोर्स कमी केले की सरकारला कळवतो. आय-२० वर सही करताना आपणच त्याला संमती देतो, त्यामुळे एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांना फर्पाचं कवच तसं पातळच. आइसने एका विद्यार्थ्याची माहिती मागितली तर कॉलेजला सहसा तीन कामाचे दिवस मिळतात. म्हणून आइसचे प्रश्न डीएसओकडे जातात, वर्गातल्या प्रोफेसरने उत्तरं द्यायची नसतात.

वॉरंटचा घोळ वेगळाच. आय-२०० नावाचा कागद दिसतो वॉरंटसारखाच पण खाली सही इमिग्रेशन अधिकाऱ्याची असते, जजची नाही, आणि त्यावर होस्टेलच्या बंद खोलीत शिरता येत नाही हा आजवरचा रूढ अर्थ. लॉबी, लॉन वगैरे उघड्या जागी मात्र कोणीही येऊ शकतं. आइसच्या २०११ च्या मेमोने शाळा-कॉलेजात कारवाई शक्यतो टाळा म्हटलेलं, २०२१ ला तो आणखी वाढवला, जानेवारी २०२५ मध्ये रद्द. तो कायदा नव्हताच, खात्याचं आपलं धोरण होतं.

आपल्या पोरांना याची झळ आधीच बसलीये. २०११ ला कॅलिफोर्नियात ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी बंद पडली, काही भारतीय विद्यार्थ्यांच्या घोट्याला ट्रॅकर बांधले. २०१९ ला फार्मिंग्टन तर सरकारनेच उघडलेली बोगस युनिव्हर्सिटी निघाली, अडकलेले जवळपास सगळे भारतीयच. आणि एप्रिल २०२५ मध्ये सेविसमधून हजारो रेकॉर्ड अचानक रद्द, कित्येक कॉलेजांना स्वतः लॉगिन करून बघितल्यावरच कळलं. कोर्टात केसेस पडल्यावर महिनाअखेर ती रेकॉर्ड परत चालू करायला घेतली.