पुन्हा उकळलेले अन्न आणि अचानक होणारी उलटी

उन्हाळ्यात लग्नसराई सुरू झाली की नाशिक परिसरातून जेवणावळीत विषबाधा झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि प्रत्येक वेळी यजमान सांगतात की अन्न वाढण्यापूर्वी पुन्हा चांगले उकळले होते. उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात हे खरे आहे. परंतु मरण्यापूर्वी काही जिवाणूंनी अन्नात सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर असतो आणि आचाऱ्याच्या हातावरील जखमेतून बासुंदी किंवा पनीरमध्ये सहज पोहोचतो आणि तिथे वाढून असे विष सोडतो. बॅसिलस सिरियस या दुसऱ्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कठीण कवचातील सुप्त रूपे, भात शिजतानाही जिवंत राहतात. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला भात मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो आणि तिथे ते वाढून सेरेउलाइड हे विष तयार करतात. बारा घटकांच्या कड्याची रचना असलेला हा रेणू १२१ अंश सेल्सिअस तापमानालाही टिकतो. विष आयतेच पोटात गेल्यामुळे जिवाणूंची वाढ होण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून साधारण अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत उलट्या सुरू होतात. नोरोव्हायरस या उलट्या घडवणाऱ्या विषाणूला मात्र बहुधा १२ ते ४८ तास लागतात. त्यामुळे रात्री उलट्या झाल्या तर केवळ शेवटच्या जेवणाला दोष देणे अनेकदा चुकीचे ठरते.

यापुढची यंत्रणा विलक्षण आहे. आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या एंटेरोक्रोमाफिन पेशी त्रासदायक पदार्थाची चाहूल लागताच सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन सोडतात. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच तयार होते. ते आतड्याला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस चेतातंतूच्या टोकांवरील ५-एचटी३ ग्राहींना, म्हणजे सेरोटोनिन ओळखणाऱ्या रेणूंना, चिकटते आणि संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छात पोहोचतो. तेथेच एरिया पोस्ट्रेमा नावाचा लहानसा भाग आहे, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक अडसर सैल असल्यामुळे रक्तातील विषारी द्रव्ये थेट ओळखता येतात. मग तोंडाला पाणी सुटते, लहान आतड्यातून जठराकडे उलट दिशेने एक जोरदार आकुंचन येते, स्वरयंत्र बंद होते आणि श्वासपटल व पोटाचे स्नायू एकत्र दाब देतात. जठर स्वतः अन्न बाहेर फेकत नाही, ते फक्त सैल पडते. ऑन्डॅनसेट्रॉन हे उलटी थांबवणारे औषध याच ५-एचटी३ ग्राहींना अडवते.

अशी उलटी बहुधा दिवसभरात आपोआप थांबते, आणि म्हणूनच नजर लागली असे समजून मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्यांना गुण आल्याचा भास होतो. या समजापायी लहान मूल किंवा वृद्ध व्यक्तीच्या शरीरातील पाणी कमी होत असताना क्षारसंजीवनी देण्यास उशीर होतो, हे मला फार गंभीर वाटते.

जेवणानंतरच्या प्रत्येक उलटीमागे अन्नातील विषच असते असे मात्र नाही. पित्ताशयातील खडे, अर्धशिशी, गर्भारपण, दीर्घकाळच्या मधुमेहाने मंदावलेले जठर ही कारणेही असू शकतात. छातीत दडपण व घाम यांसह मळमळ झाल्यास ते हृदयविकाराच्या झटक्याचे लक्षण असू शकते, म्हणून अशा वेळी ॲसिडिटीची गोळी घेऊन थांबू नये, थेट रुग्णालयात जावे.

उरलेला भात पसरट भांड्यांत पातळ थर करून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. एप्रिल-मेच्या उकाड्यात एका तासाच्या आतच.