सादरीकरण

एखादा प्रस्ताव, अभ्यास, हिशेब किंवा झालेले काम ठरावीक वेळात श्रोत्यांसमोर बोलून आणि दाखवून मांडण्याची पद्धत. रोजच्या बोलण्यात तिला 'प्रेझेंटेशन' म्हणतात आणि त्यासाठी केलेल्या फायलीला 'पीपीटी'. हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. "पीपीटी झाली का?" असे विचारणाऱ्याला बहुधा सगळी तयारी झाली का, हेच विचारायचे असते. या सरमिसळीतून फाईल झाली की तयारी संपली असा समज होतो आणि बहुतेक फसलेल्या सादरीकरणांचे मूळ तिथेच असते.

व्याख्यान ऐकून श्रोता चार नव्या गोष्टी घेऊन घरी गेला तरी पुरते. सादरीकरणानंतर मात्र त्याला काहीतरी ठरवायचे असते. मत द्यायचे, पैसे मंजूर करायचे, गुण द्यायचे, करारावर सही करायची, नाहीतर उद्यापासून यंत्र वेगळ्या रीतीने हाताळायचे. म्हणून सादरीकरणाची आखणी वक्त्याजवळ काय आहे इथून सुरू न होता, उठून जाताना श्रोत्याला काय ठरवता आले पाहिजे इथून सुरू व्हावी लागते.

ठाणे आणि नवी मुंबईत याचे कितीतरी प्रकार शेजारीशेजारी नांदतात. ऐरोली-महाप्याच्या आयटी कंपन्यांत ग्राहकांसमोरची मांडणी चालते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत पाळी सुरू होताना सुरक्षेविषयी दहा मिनिटांचा 'टूलबॉक्स टॉक' होतो, अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची परीक्षा होते. आणि नौपाडा, पाचपाखाडी, वाशी इथल्या जुन्या सोसायट्यांत रविवारी सकाळी पुनर्विकासाचे प्रेझेंटेशन असते. या शेवटच्या प्रकाराचा विचार खाली अधिक केला आहे, कारण सादरीकरणाची खरी कसोटी तिथे लागते.

पूर्वपीठिका

चित्र दाखवत गोष्ट सांगणे महाराष्ट्राला नवे नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे पोथीतून एकेक करून पुढे धरतात आणि वाद्यांच्या साथीने कथा गातात. चित्र एका वेळी एकच दिसते आणि त्यावर कथेचा मजकूर लिहिलेला नसतो. आजच्या स्लाइडसाठी याहून चांगला नमुना शोधायला दूर जायला नको.

कार्यालयांत आधी तक्ते आणि फळा होता, मग पारदर्शक फिल्मवर छापून भिंतीवर पाडायचा ओव्हरहेड प्रोजेक्टर आला. रॉबर्ट गास्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट या छोट्या कंपनीत घडवलेले पॉवरपॉइंट हे स्लाइड बनवण्याचे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. पहिल्या आवृत्तीचा मुख्य उपयोग ओव्हरहेडच्या फिल्मसाठी कृष्णधवल पाने तयार करणे हा होता.

श्रोता आणि निर्णय

नौपाड्यातली चाळीस-पन्नास वर्षांची, लिफ्ट नसलेली इमारत डोळ्यांसमोर आणावी. सभासद जेमतेम पंचवीस-तीस. बिल्डरचा माणूस पडद्यावर कंपनीचा इतिहास, मिळालेले पुरस्कार, मग आकाशातून टिपल्यासारखे नव्या इमारतीचे चित्र, जलतरण तलाव आणि जिम दाखवतो. अर्धा तास जातो. समोर बसलेल्या पहिल्या मजल्यावरच्या आजींना मात्र तीनच गोष्टी कळायला हव्या असतात. माझे आजचे कार्पेट (घराच्या आतले वापरायचे चटई क्षेत्र) किती आणि नवे किती, बांधकाम चालू असताना भाडे दर महिन्याला किती आणि किती महिने, आणि काम मध्येच थांबले तर माझे काय. ही उत्तरे तिसाव्या स्लाइडवर असतात. तोवर आजी थकलेल्या असतात आणि त्यांच्या शेजारी बसलेले काका संशय घेऊ लागलेले असतात. त्यांचा संशय रास्तही आहे: जे महत्त्वाचे आहे ते शेवटी का ठेवले?

हा निर्णय तोंडी होकाराचा नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या शासन निर्णयानुसार विकासक निवडण्याच्या विशेष सर्वसाधारण सभेला दोन-तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के जणांची संमती लागते आणि सभेचे चित्रीकरण करावे लागते. सादरीकरणात दिलेला शब्द असा कायमचा नोंदला जातो. म्हणून तिथे आकडा गोल करून सांगणे, 'साधारण', 'जवळजवळ' असे शब्द पेरणे हा सौजन्याचा भाग नाही. तो पुढच्या भांडणाचा पाया आहे.

मोजमापाचा एक मुद्दा याच सभांत वारंवार अडतो. १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानंतर कागदोपत्री चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये येते, पण ठाण्यातला माणूस घर चौरस फुटांतच ओळखतो. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. दोन्ही आकडे शेजारी छापले तर हा प्रश्न उठतच नाही. तसेच परदेशी साचे वापरून केलेल्या आलेखांत रकमा मिलियनमध्ये राहतात. लाख-कोटीत वाढलेल्या श्रोत्याला त्यांचे मनात रूपांतर करावे लागते आणि तेवढ्यात वक्ता पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो.

आखणी

तयारीची सुरुवात लॅपटॉप बंद ठेवून करावी. प्रथम एक वाक्य कागदावर लिहावे: हे ऐकून अमुक लोकांनी तमुक ठरवावे. ते वाक्य जमत नसेल तर सभा बोलवायची घाई करू नये. मग निर्णय घेणारी माणसे कोण, त्यांना आधीच काय ठाऊक आहे, त्यांची सर्वांत मोठी शंका कोणती, हे शोधावे. सोसायटीत यासाठी सेक्रेटरींशी आणि विरोध करणाऱ्या एखाद्या सभासदाशी आधी पंधरा मिनिटे बोलणे कोणत्याही सजावटीपेक्षा मोलाचे ठरते.

मांडणीच्या क्रमासाठी नारदीय कीर्तनाची घडण उपयोगी पडते. कीर्तनकार नमनानंतर मूळ पद घेतो, पूर्वरंगात त्याचे निरूपण करतो, नामगजराने श्रोत्यांना श्वास घेऊ देतो, उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून जिवंत करतो आणि शेवटी मूळ पदाकडे परत येतो. तासाभराच्या कीर्तनातही पद एकच असते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सादरीकरणात मुख्य मागणी हे मूळ पद, कारणे आणि आकडे हा पूर्वरंग, आणि प्रत्यक्ष घडलेले एखादे उदाहरण हा उत्तररंग मानला तर काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निवाडा आपोआप होतो. पदाशी नाते नसलेली स्लाइड, ती कितीही कष्टाने केलेली असो, काढून टाकावी.

प्रश्नोत्तरे सोडून बोलायला वीस मिनिटे मिळाली असतील तर पंधराचीच तयारी करावी. उरलेली पाच मिनिटे उशिरा येणारे, माईक आणि प्रोजेक्टरची वायर घेतातच.

पडद्यावरचा मजकूर

माणसाची तात्पुरती स्मृती तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सात गोष्टी, दोन कमी-अधिक, अशी सांगितली. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास असल्याचे मांडले. रिचर्ड मेयर यांच्या अभ्यासातून आणखी एक व्यवहार्य गोष्ट पुढे आली: चित्र पडद्यावर असताना वक्ता बोलत असेल आणि त्याचे तेच शब्द पडद्यावरही लिहिलेले असतील, तर समजणे सुधारत नाही, उलट बिघडते. श्रोता वाचतो किंवा ऐकतो. दोन्ही एकाच वेळी नीट होत नाही. स्लाइड वाचून दाखवणाऱ्याबद्दल कंटाळा येतो तो यामुळे.

मजकूर कोंबण्याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात याचे उदाहरण नासाच्या कोलंबिया अवकाशयानाचे आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असताना अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज पॉवरपॉइंटमधून वरिष्ठांपुढे मांडला. त्यातल्या एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. खरी धोक्याची बाब तळाशी, बारीक अक्षरांत होती: चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा, तर इथे विचारात घेतलेला १९२० घनइंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जणांचा मृत्यू झाला. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची चिरफाड केली आणि चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात नमूद केले की ती वाचून वरिष्ठाला जिवावरचा प्रसंग लक्षात न येणे सहज शक्य होते. अपघाताचे कारण फोम होता, स्लाइड नव्हे. पण सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्यापर्यंत पोचली नाही तर ती सांगितली असे म्हणता येत नाही. शीर्षकातच निष्कर्ष लिहावा. 'भाड्याचा तपशील' असे न लिहिता 'भाडे ताबा मिळेपर्यंत, दर महिन्याला' असे लिहावे.

देवनागरी स्लाइडच्या स्वतःच्या अडचणी आहेत. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडावे लागते, नाहीतर मागच्या रांगेला 'कूळ' आणि 'कुळ' एकच दिसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करणे आणि जवळ पीडीएफ ठेवणे हा साधा उपाय आहे.

बोलणे

प्रशिक्षण वर्गांत हमखास सांगितले जाते की संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहरा-हावभावांचा ५५. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून निघालेले हे आकडे फक्त आवड-नावड अशा भावना व्यक्त करण्यापुरते होते, आणि प्रयोगांत सुटे शब्द वापरले होते. हिशेब, प्रकल्प, सुरक्षा यांना ते लावणे चूक आहे. नीट विचार न केलेला मजकूर हातवाऱ्यांनी तरत नाही.

तरीही आवाज लागतोच. सुरुवातीची तीन-चार वाक्ये आणि शेवटची दोन पाठ असावीत, मधले मुद्दे लक्षात असावेत. संपूर्ण पाठांतर केलेला वक्ता एक शब्द अडला की सगळेच विसरतो. सराव मोठ्याने आणि घड्याळ लावून करावा. मनातल्या मनात केलेल्या सरावात प्रत्येक वाक्य सोपे आणि छोटे वाटते. महत्त्वाचा आकडा सांगितल्यावर थांबावे. ते दोन-तीन सेकंद वक्त्याला फार लांब वाटतात, श्रोत्याला मात्र तेवढेच हवे असतात.

भाषेचा प्रश्न या भागात खराच आहे. सोसायटीत मराठी चालते, पण सभासद तमिळ, गुजराती, सिंधी असू शकतात. कारखान्यातला कामगार अनेकदा उत्तर प्रदेश-बिहारचा असतो. टूलबॉक्स टॉक म्हणूनच बहुधा साध्या हिंदीत होतो आणि त्यात पडदा नसतो. खरा हातमोजा, खरा सेफ्टी बेल्ट हातात धरून दाखवला जातो, आणि मग एखाद्या कामगाराला तो घालून दाखवायला सांगितले जाते. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय सीबीडी बेलापूरला आहे. तिच्या स्थापनादिनी, ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतात आणि त्या आठवड्यात या पट्ट्यात अशी प्रात्यक्षिके होतात. श्रोत्याने ऐकले की नाही हे त्याच्या हातांनी सिद्ध करून घेणारा हा प्रकार कॉन्फरन्स रूममधल्या बहुतेक सादरीकरणांपेक्षा सरस आहे.

जागा

सोसायटीची सभा गच्चीवर, स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या खांबांमधल्या) पार्किंगमध्ये किंवा जवळच्या शाळेच्या वर्गात भरते. पंख्यांचा आवाज, उजेड, जुलैत पत्र्यावर पडणारा पाऊस यांपुढे बारीक आवाज टिकत नाही. दिवसाउजेडी गच्चीवर प्रोजेक्टर फिका पडतो. तिथे पडद्याचा हट्ट सोडून प्रत्येकाच्या हातात मोठ्या अक्षरांतले एक पान द्यावे. एचडीएमआयची वायर, जोडणीचा अ‍ॅडॉप्टर, पेनड्राइव्हवर पीडीएफ आणि एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचे न्यावे. अर्धा तास आधी जाऊन शेवटच्या रांगेत बसून पडदा पाहावा. तिथून जे वाचता येत नाही ते स्लाइडवर नाही असे समजावे.

प्रश्नोत्तरे

प्रश्नोत्तरांना उरलेला वेळ देण्याची सवय मोडली पाहिजे. एकूण वेळेचा किमान तिसरा हिस्सा त्यांच्यासाठी राखावा. प्रश्न आधी मोठ्याने पुन्हा म्हणावा, म्हणजे तो सगळ्यांना ऐकू येतो आणि नीट समजला का हेही कळते. रागाने विचारलेल्या प्रश्नात बहुधा एखादी खरी भीती असते, उत्तर त्या भीतीला द्यावे.

काही ठिकाणी ही पद्धत कायद्यातच आली आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीची सुरुवात प्रकल्पकर्त्याच्या प्रतिनिधीने सादरीकरणाने करायची असते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो, उपस्थित प्रत्येकाला माहिती किंवा खुलासा मागता येतो आणि सगळ्याचे चित्रीकरण होते. नवी मुंबईच्या गावांतला आगरी-कोळी शेतकरी किंवा मच्छीमार तिथे खाडी, मिठागर, बांध यांबद्दल विचारतो तेव्हा वक्त्याला उत्तर ठाऊक नसणे शक्य असते. अशा वेळी 'माहिती घेऊन अमुक तारखेपर्यंत लेखी देतो' असे सांगून ती तारीख इतिवृत्तात लिहून घ्यावी, आणि विचारणाऱ्याचे नाव-पत्ता सभा संपण्याआधी टिपून ठेवावा.