एक्स-रेत न दिसलेला मणका

‘एक्स-रेत काही नाही, म्हणजे मणका शाबूत आहे.’ माडावरून किंवा परांचीवरून पडलेल्या माणसाबद्दल लोक हे वाक्य बिनधास्त बोलतात, आणि तेच धोक्याचं आहे. एक्स-रे म्हणजे सावली. पुढची-मागची हाडं त्यात एकमेकांवर चढलेली असतात.

उंचावरून माणूस टाचांवर आदळला की धक्का वर कण्यात जातो. म्हणून टाच मोडलेली दिसली की डॉक्टर पाठही तपासतात. बरगड्यांनी जखडलेला छातीचा भाग संपून मोकळी हलणारी कंबर सुरू होते, तिथले मणके जास्त मोडतात. छातीचा बारावा आणि कंबरेचा पहिला हे त्यातले नेहमीचे.

आत जे घडतं ते बघण्यासारखं आहे. दोन मणक्यांमधल्या चकतीचा मऊ गर दाबाखाली खालच्या मणक्याच्या माथ्यातून आत घुसतो आणि मणका आतून फुटतो. तुकडे चहूबाजूंना सरकतात. त्यातला मागचा तुकडा मज्जारज्जूच्या पोकळीत शिरतो. बाजूनं काढलेल्या एक्स-रेत असा मणका कधीकधी नुसता पुढून चेपल्यासारखा दिसतो. सीटी स्कॅन म्हणजे अनेक बाजूंनी एक्स-रे घेऊन संगणकानं रचलेले शरीराचे काप. त्यातल्या आडव्या कापात मात्र पोकळीत बसलेला तो पांढरा तुकडा सरळ दिसतो. कण्याचे शल्यविशारद फ्रान्सिस डेनिस यांनी १९८३ मध्ये कण्याचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन उभे खांब मानले, तेव्हा मधल्या खांबाला महत्त्व आलं ते यामुळेच: तो शाबूत असेल तर मणका नुसता चेपलाय, तोही मोडला असेल तर फुटलाय. अर्थात सीटीत दिसते ती तुकड्याची नंतरची जागा. आदळण्याच्या क्षणी तो आणखी आत जाऊन परतलेला असू शकतो. त्यामुळे पोकळी किती अडली यावरून पायांतली ताकद किती गेली याचा थेट हिशेब मांडता येत नाही.

अशा पाठीवर पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणं किंवा ‘सरकलेला मणका बसवून’ घेणं म्हणजे तो तुकडा आणखी आत ढकलण्याचा धोका. पडलेल्याला उठवून बसवू नका, कणा सरळ ठेवून फळीवर न्या.

आडव्या कापालाही एक चीर चकवते. फक्त कमरेवरचा पट्टा बांधलेला प्रवासी अपघातात पुढे दुमडला की मणका आडवा चिरतो. चीर कापाला समांतर असल्यामुळे दोन कापांच्या मध्ये हरवू शकते. क्ष-किरणतज्ज्ञ जी. क्यू. चान्स यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेला हा मोड उभ्या कापात ओळखू येतो. त्यासाठी रुग्णाला पुन्हा यंत्रात घालावं लागत नाही. आजची यंत्रं इतके बारीक काप घेतात की संगणक त्याच मोजमापांतून हवा त्या दिशेचा काप रचतो. मणके एकमेकांना बांधून ठेवणारे मागचे अस्थिबंध फाटलेत का आणि मज्जारज्जूला सूज आहे का, हे नीट कळायला मात्र एमआरआयच लागतो.

मोठ्या अपघातात छाती-पोटाचा सीटी बहुधा झालेलाच असतो. त्याच माहितीतून कण्याची चित्रं काढता येतात, जास्तीच्या किरणांशिवाय आणि रुग्णाला न हलवता. नातेवाइकांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावं.