हौशी चित्रकार कुणाला म्हणायचं? फॅनझिनमधल्या चित्रांची पार्श्वभूमी

विज्ञानकथेच्या वर्तुळातला एखादा मुरलेला व्यंगचित्रकार फॅनझिनांत, म्हणजे चाहत्यांनी हौसेखातर काढलेल्या नियतकालिकांत, आलेली आपली जुनी चित्रं स्कॅन करून लोकांपुढे मांडू लागला, की लगेच विचारणा होते : हे कुठल्या अंकात आलं होतं? चित्र बघायचं सोडून अंक कसला विचारताय, असं बाहेरच्याला वाटेल. पण या मंडळींचं सगळं गणित अंकावरच बसवलेलं आहे.

अमेरिकेत पहिलं फॅनझिन १९३० मध्ये शिकागोत निघालं. सुरुवातीला जिलेटिनच्या थाळीवर जांभळ्या शाईने जेमतेम पन्नासेक प्रती निघत, आणि ती शाई उजेडात उडून जाई. पुढे सायक्लोस्टाइल आलं, म्हणजे मेणकागदावर कोरलेल्या रेघांतून शाई उमटवून प्रती काढणारं यंत्र. साठीच्या दशकात आपल्याकडच्या लघुअनियतकालिकांनी वापरलं तेच. चित्र काढायचं म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलखाली दिवा ठेवून टोकदार लेखणीने रेघ कोरायची. जोर जास्त पडला तर कागद फाटे, आणि बारीक गोल कोरला तर आतला तुकडाच गळून पडे. म्हणून त्या काळातली व्यंगचित्रं मोकळ्या, थोडक्या रेघांची आहेत. त्याला शैली म्हणून नावाजणाऱ्यांनी एकदा स्टेन्सिल कोरून बघावी.

लेख संपल्यावर पानाच्या तळाशी जागा उरे. ती भरायला संपादकांना बोटभर चित्रं लागत. व्यंगचित्रकार अशी चित्रं गठ्ठ्याने टपालाने पाठवत, फुकट. संपादक ती फायलीत ठेवून लागतील तशी वापरी, कधी दोन-तीन वर्षांनी. काही मूळ चित्रं परत येत, बरीचशी येत नसत. झेरॉक्स हाताशी आल्यावर चित्रकार मूळ प्रत स्वतःकडे ठेवू लागले. आज कुणाच्या कपाटातून चित्रांचा साठा निघतो, त्यामागे बऱ्याचदा ही झेरॉक्सच असते.

खरा गुंता १९६७ चा. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात हौशी चित्रकाराला पहिल्यांदा पुरस्कार ठेवला गेला. हौशी विभागांच्या पुरस्कारांना आधी वेगळं, थट्टेखोर नाव द्यायचं घाटत होतं. त्यावर नाराजी उमटली आणि अखेर संमेलनाच्या मुख्य, ह्युगो पुरस्काराचंच नाव त्यांना मिळालं. निकाल लागला तेव्हा व्यावसायिक आणि हौशी, दोन्ही विभागांत एकच चित्रकार जिंकला होता. मुखपृष्ठांवर पोट भरणारा हा माणूस फॅनझिनांनाही हात न आखडता चित्रं देई. मग हौशी कोण? पुढे नियमात कलम आलं, की ज्याचं नाव त्या वर्षी व्यावसायिकांच्या अंतिम यादीत असेल, त्याला हौशी विभागात धरायचं नाही. व्याख्येतही चित्रकार कोण आहे यापेक्षा चित्र कुठे छापलं याला महत्त्व मिळालं. नियमाच्या मजकुरात ‘चित्रकार किंवा व्यंगचित्रकार’ असा स्पष्ट उल्लेख होता, हे विशेष. माझ्या मते हा तोडगा सोयीचा होता, पण त्याने त्या उदार माणसावर थोडा अन्यायच केला. दोन्हीकडे मनापासून काम करणं हा काही गुन्हा नव्हता.

या व्याख्येचा ताण १९९६ मध्ये दिसला. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या, १९४५ च्या कामाला मागाहून पुरस्कार द्यायचं ठरलं, आणि हौशी चित्रकाराचा मान ज्याला मिळाला त्यालाच १९९६ चा चालू पुरस्कारही मिळाला. त्याची ताजी चित्रं सगळ्यांच्या परिचयाची होती. १९४५ चे अंक मात्र किती मतदारांनी डोळ्यांनी पाहिले असतील, हा प्रश्नच आहे.

दरम्यान विद्यापीठांनी फॅनझिनं गोळा केली. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला आणि आयोवात मोठे संग्रह आहेत, तिथे अंक सांभाळले जातात. चित्रकाराच्या कपाटातला कागद मात्र अंकापासून तुटलेला असतो. त्यात अमेरिकी कायद्याची मेख आहे : १९७८ पूर्वी स्वामित्वहक्काची सूचना न छापता प्रसिद्ध झालेलं चित्र सहसा सार्वजनिक मालकीचं ठरतं, आणि सायक्लोस्टाइलच्या अंकांत ती सूचना छापायचं भान अनेकांना नव्हतं. अंक ठाऊक नसेल, तर चित्रावर हक्क कुणाचा हेही ठरवता येत नाही.

आता इंटरनेटवर मांडलेलं कामही पुरस्काराच्या नियमात बसतं. छापील अंकाची अट अशी सैल झाली खरी, पण जुन्या चित्रांना त्याचा उपयोग नाही. म्हणूनच जाणते व्यंगचित्रकार स्कॅनबरोबर, मूळ चित्र परत आलेलं असेल तर, त्याच्या मागच्या बाजूचाही फोटो देतात. संपादकाने पेन्सिलीने लिहिलेला अंक आणि पान क्रमांक तिथेच सापडण्याची शक्यता असते.