'क्लाइंब डाउन': खाली कसं चढायचं?

मागच्या रविवारी भाच्याला पुण्यात शिवाजीनगरला क्लाइंबिंग वॉलवर घेऊन गेलो होतो. पोरगं निम्म्यात अडकलं, हात चॉकने पांढरे, पाय लटलटतायत आणि खालून त्याचा दोर सांभाळणारा दादा ओरडतोय, "क्लाइंब डाउन कर, क्लाइंब डाउन!" खाली आल्या आल्या साहेबांचा प्रश्न, "मामा, क्लाइंब म्हणजे चढणे ना? मग खाली कसं चढायचं?" तेव्हा 'उतर म्हणायचं असेल त्याला' म्हणून वेळ मारून नेली, पण डोक्यातून जाईना म्हणून घरी येऊन शोधत बसलो.

तर गंमत अशी की ह्या शब्दात मुळात 'वर' पेक्षा 'धरून' जास्त आहे. जुन्या इंग्रजीत तो क्लिंबन होता, जर्मनमध्ये अजून क्लिमेन आहे, आणि त्याचं मूळ चिकटणे ह्या अर्थाच्या धातूत मानतात, म्हणजे क्ले (चिकणमाती) आणि ग्लू हे त्याचे भाऊबंद. चिकटून चिकटून, हातापायांनी पकडत जाणे म्हणजे क्लाइंब. म्हणून भिंतीवरून खाली येताना पण तो चालतो, कारण पकड तीच असते. चार्ल्स फिलमोर नावाच्या भाषातज्ज्ञाने हे छान मांडलंय: ह्या क्रियापदात दोन गोष्टी आहेत, वर जाणं आणि हातापायांनी पकडणं, त्यातली एक नसली तरी चालतं, दोन्ही नसल्या तर नाही. विमानाला हात नाहीत पण ते वर जातं, म्हणून क्लाइंब करतं. माणूस झाडावरून क्लाइंब डाउन करतो. पण विमान उतरताना क्लाइंब डाउन म्हणत नाहीत, आणि पेट्रोलचा भाव क्लाइंब होतो, क्लाइंब डाउन कधीच होत नाही (तो तसाही कुठे उतरतो म्हणा).

क्लाइंबचा शेवटचा ब का गिळतात, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. हा ब पूर्वी खरंच म्हणत, नंतर म च्या मागे असल्यामुळे उच्चारातून गळला, स्पेलिंगमध्ये राहिला. असं आपल्या शेजारी पण झालंय की, संस्कृत निंबचा हिंदीत नीम झाला, आपण मात्र कडुनिंब म्हणताना ब सोडला नाही. उलट थंबमध्ये मुळात ब नव्हताच, तो नंतर चिकटवला. भूतकाळ पण पूर्वी क्लोम असा व्हायचा, आता जुन्या कवितेतच सापडतो.

इंग्रजीत चढण्याचा दुसरा शब्द असेंड, त्याचं घराणंच वेगळं. तो आला लॅटिन स्कांदेरेपासून, म्हणजे चढणे, आणि हा आपल्या संस्कृत स्कन्द् धातूचा, म्हणजे उसळणे, उडी मारणे, त्याचा सख्खा नातेवाईक. म्हणजे कार्तिकेयाचं स्कंद हे नाव त्यातलंच. आता पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून धापा टाकत वर गेलं की देवदेवेश्वराजवळच कार्तिकस्वामींचं देऊळ आहे, सकाळी व्यायामाला येणाऱ्या किती जणांना माहितीये की आपण जे करून आलो त्या शब्दाचा नातलग समोर बसलाय! ह्याच स्कांदेरेपासून शिडीला स्काला, शिड्या लावून किल्ल्यावर हल्ला करायचा त्याला एस्कलेड (आपल्याकडे पण चढाई म्हणजे चढणं आणि हल्ला दोन्ही, सिंहगडाखाली राहणाऱ्यांना सांगायला नको). स्कॅन पण इथलाच: रोमन लोक कवितेच्या ओळीत पाय मोजत, त्याला स्कांदेरे म्हणत, आपणही ओळीला चरण म्हणतोच ना, त्यातून बारकाईने तपासणे आणि शेवटी सीटी स्कॅन. एस्कलेटर हे तर १९०० च्या सुमारास ओटिस कंपनीचं ट्रेडमार्क नाव होतं, १९५० मध्ये अमेरिकेत त्या नावावरचा कंपनीचा हक्क गेला कारण लोक कुठल्याही सरकत्या जिन्याला तेच म्हणायला लागले. एस्कलेट (प्रकरण वरच्या पातळीवर नेणे) हे क्रियापद त्या जिन्यावरून मागून तयार झालं. हिंजवडीत रोज मॅनेजरला एस्कलेशन मेल टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तुम्ही स्कंदाचं नाव घेताय.

क्लायमॅक्स मात्र क्लाइंबचा कोणी नाही. तो ग्रीक, अर्थ शिडीच, पण धातू टेकणे-कलणे असा.

आणि आपलं चढणे? बाराव्या शतकात हेमचंद्र ह्या जैन पंडिताने प्राकृत व्याकरणात आरोहणासाठी दोन क्रियापदं दिलीत, चड आणि वलग्ग. पहिल्याचं आपलं चढणे झालं, मग दारू चढते, पारा चढतो, माणूस चढेल होतो. दुसरं आलं संस्कृत अवलग्नपासून, म्हणजे चिकटलेला. जुन्या मराठीत त्याचं वळघणे झालं, अर्थ चढणे. म्हणजे अगदी क्लाइंबच, इंग्रजीशी काही देणंघेणं नसताना आपल्याकडे पण चिकटण्यातूनच चढण्याचा शब्द झाला होता. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग पुढच्या रविवारी दादाला सांगतो, मी खाली वळघतोय."